मरीन मासा आजारी आहे आणि खात नाही, आधी काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात घरी ४०० लिटरची मरीन टाकी आहे. त्यात एक पावडर ब्लू टँग, एक कॉपरबँड बटरफ्लाय आणि दोन क्लाऊनफिश आहेत. टँगच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, दोन-तीन दिवसांत गेले आणि आता पुन्हा जास्त आलेत. तो पेलेट (विकतचं दाणेदार खाद्य) तोंडात घेऊन थुंकायला लागला आणि चार दिवसांपासून त्याने काहीच खाल्लेलं नाही. कॉपरबँड आणल्यापासूनच नीट खात नाही. क्लाऊन व्यवस्थित खातात. एप्रिलच्या उन्हाने टाकीचं पाणी दुपारी ३१ अंशांवर जातंय. दुकानदार म्हणतो, कॉपरचं (तांब्याचं) औषध टाकीत ओता. घरचे म्हणतात, बाजारातले झिंगे चिरून घाला. आधी काय करायचं?

मुख्य टाकीत औषध ओतू नका, एवढं आजच पक्कं करा. कॉपरने गोगलगाई, कोळंब्या, खेकडे मरतात. दगड आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातली मात्रा धड टिकतही नाही. आजपासूनचं काम वेगळं आहे: मासे बाहेर काढून स्वच्छ, गार, भरपूर हवेच्या पाण्यात ठेवायचे आणि त्यांना खाण्यावर आणायचं. मी सोलापुरात लोकांच्या मरीन टाक्या सांभाळतो. ठिपक्यांच्या आजारात जो मासा खात राहतो तो बहुतेक वेळा वाचवता येतो, आणि ज्याचं खाणं सुटलंय त्याला औषध कितीही बरोबर दिलं तरी तो हातचा जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून औषधाची निवडसुद्धा 'याने याची भूक मरेल का?' हे विचारूनच करायची.

ठिपके गेले आणि पुन्हा आले, ते का, हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हा क्रिप्टोकॅरियॉन नावाचा परजीवी. माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत तो तीन ते सात दिवस खाऊन वाढतो, मग स्वतःच गळून तळाशी जातो आणि कवच करून बसतो. त्या काळात मासा वरून स्वच्छ दिसतो आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. कवचातून काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि त्यांना साधारण दोन दिवसांच्या आत मासा सापडावा लागतो. बंद टाकीत तो सापडतोच, म्हणून दुसरा हल्ला पहिल्यापेक्षा मोठा असतो. तुमचा टँग आता दुसऱ्या हल्ल्यात आहे.

जाळी हातात घेण्याआधी दहा मिनिटं टाकीसमोर शांत बसून मासा बघा. पोट आत गेलंय हे सगळ्यांना दिसतं, पण खरी खूण डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या बाजूला असते. तिथलं मांस खचून कडा दिसायला लागली असेल, तर मासा चरबी संपवून स्वतःचं मांस जाळतोय. टँगमध्ये ती खोलगट जागा डोळ्याच्या मागे-वर दिसते. कॉपरबँड मुळातच चपटा, त्यामुळे त्याला समोरून बघा: वरून खाली निमुळता होत धारेसारखा दिसला तर परिस्थिती नाजूक आहे. मग श्वास. मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ घेऊन कल्ल्यांची उघडझाप मोजा, आकडा लिहून ठेवा आणि रोज त्याच वेळी पुन्हा मोजा. प्रत्येक जातीचा वेग वेगळा असतो, म्हणून त्या माशाची तुलना त्याच्याशीच करायची. शेवटी विष्ठा. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी असेल तर आतडं रिकामं आहे किंवा आत जंतू आहेत. पुढे नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) खायला लागल्यावर ती हिरवट, भरीव झाली की घास खरोखर पोटात गेला हे कळतं.

आजारी मरीन मासा इतक्या लवकर का खचतो? त्याच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या पाण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं असतं. त्यामुळे भोवतालचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेतं. तो दिवसभर समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. या कामाला ताकद लागते. परजीवींनी कातडीला आणि कल्ल्यांना भोकं पाडली की गळती वाढते, आणि खाणं बंद म्हणजे ताकदीचा पुरवठाच बंद. म्हणून हॉस्पिटल टाकीतलं, म्हणजे आजारी मासे ठेवायच्या वेगळ्या टाकीतलं पाणी १.०२५ ऐवजी १.०२० घनतेचं ठेवायचं. त्याचा तो बोजा तेवढाच हलका होतो. खाली येणं माशाला एका दमात चालतं. पुन्हा वर नेताना मात्र घाई नाही, रोज ०.००१ किंवा फार तर ०.००२.

आता टाकीची मांडणी. टँगला ७५ लिटरच्या आसपासची साधी काचेची टाकी किंवा मोठा अन्नदर्जाचा प्लॅस्टिक टब घ्या. कॉपरबँड शक्यतो वेगळा ठेवा, कारण टँगसमोर तो घासाला तोंडच लावणार नाही. दोन्ही क्लाऊन तिसऱ्या टबमध्ये चालतील. ते निरोगी दिसले तरी बाहेर काढायचेच आहेत, कारण मुख्य टाकीत एक जरी मासा राहिला तरी परजीवीला घर मिळतं. आत वाळू नाही, दगड नाही, फक्त लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो. तीन बाजूंना आणि तळाखाली काळा कागद लावा, लाईट मंद ठेवा, वर झाकण किंवा जाळी हवीच, टँग उडी मारतो. एअरस्टोन जोरात चालू हवा. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो आणि पाणी तापलं की आणखी कमी, त्यात कल्ले खराब झालेले. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी एअर पंप जोडा, बाकी काही थांबलं तरी चालेल. त्या खोलीत डासांचं लिक्विड, कॉइल किंवा स्प्रे बंद. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो आणि डास मारणारी ही औषधं माशांना व कोळंब्यांना फार घातक असतात.

पाण्याबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगायला लागतं. आपल्याकडे उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, आपण ते साठवतो, आणि कितीतरी घरांत ते तांब्याच्या हंड्यात असतं. त्या हंड्यातलं, घागरीतलं पाणी मरीन टाकीला अजिबात वापरू नका. साठवण प्लॅस्टिकच्या पिंपात करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात क्षार आणि पुष्कळदा नायट्रेट. आरओचंच पाणी घ्या, पण घरच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर ४०-५० दिसतं. पुढे उरलेले क्षार काढणारी डीआय कार्ट्रिज जोडून तो शून्याच्या जवळ आणा. ७५ लिटरला १.०२० साठी साधारण दोन-सव्वादोन किलो मरीन सॉल्ट लागेल. ते रात्रभर पंपावर फिरवून, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) बघून मगच वापरा. स्वयंपाकाच्या मिठाने मासा जगत नाही, त्यात बाकीचे क्षारच नसतात.

३१ अंश हे आजारी माशाला जड आहे. २५ ते २७ हवेत. चिलर परवडत असेल तर उत्तम, पण सोलापूरची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका वारा मारणारा छोटा टेबल फॅन इथे दमट मुंबईपेक्षा कितीतरी चांगलं काम करतो. पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. उडालेल्याच्या जागी रोज सकाळ-संध्याकाळ साधं आरओ पाणी भरायचं, खारं नाही, नाहीतर घनता चढत जाते. बर्फ टाकून दुपारी झपकन गार करणं टाळा. पाणी दिवसातून एक-दोन अंश खालीवर झालं तर मासा सहन करतो, तासाभरात चार अंश पडलं तर नाही.

आता उपचार. तुमच्या माशांसाठी मी औषध नव्हे, टाकी बदलण्याची पद्धत निवडेन. मासे नव्या टबमध्ये गेले की ती पहिली बदली. ७२ तास पूर्ण व्हायच्या आत दुसऱ्या, पूर्ण कोरड्या आणि ताज्या खाऱ्या पाण्याने भरलेल्या टबमध्ये दुसरी बदली. अशा एकूण चार बदल्या, म्हणजे साधारण बारा दिवस, आणि मग पुन्हा एका स्वच्छ टाकीत. अंगावरून गळलेला परजीवी कवच फोडून बाहेर येण्याआधीच मासा तिथून निघून गेलेला असतो. सुटलेला टब, पाइप, एअरस्टोन, जाळी धुऊन पूर्ण एक दिवस कडक वाळवायची. सोलापुरात ऊन आपलं कामच करतं. या काळात मुख्य टाकीतला स्पंज किंवा दगड टबमध्ये आणू नका, त्यावर कवचं चिकटून येतात. फिल्टरमध्ये जिवाणू नसल्यामुळे माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया रोज तपासावा लागेल. समुद्री पाण्याचा पीएच आठच्या वर असल्याने थोडासा अमोनियाही जहाल ठरतो. किटवर रंग चढायला लागला की निम्मं पाणी बदला. अमोनिया बांधणारं कंडिशनर या पद्धतीत चालतं. कॉपरच्या औषधाबरोबर मात्र ते कधीही वापरू नका, त्याने कॉपर एकदम जास्त विषारी होऊ शकतं.

खर्च सॉल्टचा आहे, मेहनत दर तीन दिवसांनी मासा हलवायची आहे. पण या सगळ्यात भूक मारणारं काही नाही, आणि उपाशी माशासाठी मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. मासा जाळीने धरण्यापेक्षा पाण्याखालीच प्लॅस्टिकच्या मगात शिरवून उचला. टँगच्या शेपटीजवळचा काटा जाळीत अडकतो आणि कातडी फाटते.

मग खाणं. टँगचं आधी सांगतो, तो सोपा आहे. हा मासा मुळात दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडणारा. त्याचं आतडं लांब असतं आणि थोडं थोडं सतत येत राहील या हिशोबाने बनलेलं. त्याला दिवसातून एकदा पेलेट टाकणं हीच मुळात उपासमार. सुशीसाठी मिळते ती भाजलेली नोरी घ्या, तेल-मीठ लावलेली स्नॅकवाली नको. ऑनलाइन किंवा पुण्याहून मागवता येते. तळहाताएवढा तुकडा क्लिपमध्ये अडकवून पाइपच्या तोंडाशी, तो लपतो तिथेच लावा. त्याला घासापर्यंत यायला लावू नका, घास त्याच्याजवळ गेला पाहिजे. चार-पाच तासांनी, तो शिवला नसला तरी, जुना काढून नवा तुकडा. पहिल्या दिवशी तो बघणारही नाही. दुसऱ्या दिवशी येईल, कडेला एक चावा घेऊन मान झटकेल, आणि बारीक कण कल्ल्यांतून बाहेर पडताना दिसतील. त्याला खाल्लं समजू नका, पण ही चांगलीच खूण आहे. चाव्यानंतर तो तिथेच थांबून पुन्हा तोंड लावतोय का, ते बघा. नोरीला शिवतच नसेल तर मुख्य टाकीतला शेवाळ चढलेला दगड फार मोहाचा असतो, पण त्यावर कवचं असणार, म्हणून तो नाही. त्याऐवजी नोरीचा तुकडा एका गुळगुळीत, स्वच्छ दगडाला रबरबँडने बांधून तळाशी ठेवा. लोंबत्या पानापेक्षा दगडावरून खरवडणं त्याच्या ओळखीचं आहे. पालक किंवा लेट्यूस उकळत्या पाण्यातून काढून दिलेलं काही टँग खातात. तोंड चालू करायला ते ठीक, पोषणासाठी पुरेसं नाही.

कॉपरबँडला वेळ लागेल. त्याचं लांबट तोंड फटीतले किडे टिपण्यासाठी आहे. पाण्यात तरंगणारा पेलेट त्याला अन्न वाटतच नाही. तुमचे क्लाऊन पहिल्या दिवसापासून खातात याचं कारणही असंच आहे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) क्लाऊनफिशची पैदास बंदिस्त टाकीत यशस्वी केली आहे आणि अशा पैदाशीतले मासे लहानपणापासून माणसाने दिलेलं खातात. कॉपरबँड मात्र बहुतेक वेळा समुद्रातून पकडूनच येतो. शिवाय प्रवासात पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून मासे पॅक करण्याआधी उपाशी ठेवतात. पकडणारा, निर्यातदार, मुंबईचा व्यापारी, मग रात्रभराच्या प्रवासाने सोलापूर, अशा प्रत्येक टप्प्यावर त्याचा उपास वाढत गेलेला असतो. तो तुमच्याकडे आला तेव्हाच पोट पाठीला लागलेलं असणार, तुमची त्यात चूक नाही.

त्याला अर्धा उघडलेला शिंपला द्या. कोकणातून बर्फातून येणाऱ्या तिसऱ्या किंवा कालवं एखाद्या मासळीवाल्याला सांगून मागवता येतात. घरी आणून आधी गोठवा म्हणजे जंतूंची जोखीम कमी होते, मग एक शिंपला उघडून मांसासकट तळाशी ठेवा. फटीत चोच घालून टिपायची त्याची सवय इथे जागी होते. दोन तासांत न खाल्लेलं बाहेर. शिंपल्याचं मांस पाणी फार लवकर नासवतं. तो शिंपल्यातून खायला लागला की त्याच शिंपल्यात मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, फ्रोजन मिळतात) भरून द्या, आणि तिथून हळूहळू पाण्यात तरंगणाऱ्या मायसिसवर आणा.

दोघांसाठीही जिवंत आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) हा सगळ्यात खात्रीचा पहिला घास. हलतंय ते खाण्यासारखं, हे कुठल्याही माशाला शिकवावं लागत नाही. सोलापुरात जिवंत आर्टेमिया विकत मिळत नाही, पण अंडी मागवून घरी काढणं सोपं आहे. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली तळ कापून उलटी उभी करा, बूच घट्ट. त्यात एक लिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ (या कामाला साधं मीठ चालतं), अर्धा चमचा अंडी, आणि तळापर्यंत जाणारी हवेची नळी, सगळी अंडी उकळल्यासारखी फिरत राहतील इतक्या जोरात. वर दिवा. आपल्या उन्हाळ्यात हीटर लागत नाही, चोवीस तासांत पाणी केशरी दिसतं. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा: रिकामी टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, आणि बाजूला धरलेल्या टॉर्चकडे केशरी ढग सरकतो. तो ढग तेवढा बारीक नळीने ओढून जाड सुती कापडात गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच द्या. टरफलं आत जाऊ देऊ नका, ती माशाच्या आतड्यात अडकतात. लगेच द्या म्हणतो त्यालाही कारण आहे. पिल्लांच्या पोटात जन्मतः पिवळा बलक असतो आणि सगळं पोषण त्यात असतं. आठ-दहा तासांत ते संपायला लागतं. देणं लांबलं तर फ्रीजमध्ये ठेवा.

पिल्लं टँगच्या मानाने फारच बारीक, ती भूक चाळवायला. बाटलीतली काही पिल्लं वेगळ्या टबात स्पिरुलिनाची पूड खायला घालून दोन-तीन आठवडे वाढवली तर मोठे आर्टेमिया मिळतात. मोठ्या आर्टेमियात स्वतःचं पोषण कमी असतं, म्हणून देण्याआधी बारा तास त्यांना ओमेगा-३ चं इमल्शन खाऊ घाला. समुद्री माशांना डीएचए आणि ईपीए ही तेलं स्वतःच्या शरीरात पुरेशी बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. उजनीची चिलापी, कोंबडीचं काळीज, मटणाचं हृदय हे म्हणूनच आपल्या कामाचं नाही. जनावराची चरबी माशाच्या शरीराच्या तापमानाला गोठते आणि यकृतावर साठते. नाल्यातल्या लाल किड्यांचं, ट्युबिफेक्सचं, नावच काढू नका.

घरच्यांचे झिंगे चालतील, पण रोज आणि फक्त तेच नको. कच्च्या कोळंबीच्या काही जातींत आणि बऱ्याच शिंपल्यांत थायामिनेज नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व बी-१ नष्ट करतं. नुसत्या अशा अन्नावर ठेवलेले मासे काही महिन्यांत खंगतात, तोल जातो, आणि लोक आजार शोधत बसतात. गोठवून हे विकर जात नाही, उष्णतेने जातं. म्हणून सोललेली कोळंबी उकळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा. मी मिश्रण करून ठेवतो: कोळंबी, थोडं माकुल, भरपूर नोरी, स्पिरुलिना, सगळं बारीक वाटून, बांधायला चायना ग्रास. जिलेटिनही चालतं, पण आपल्या उन्हाळ्यातल्या पाण्यात ते मऊ पडून विरघळायला लागतं, चायना ग्रास टिकतो. जीवनसत्त्वांचे थेंब मिश्रण कोमट झाल्यावरच, गरमात टाकले तर सी जीवनसत्त्व वाया जातं. ताटात पातळ थापून गोठवायचं, लागेल तेवढा तुकडा मोडायचा.

लसणाबद्दल सगळे विचारतात. लसणाने ठिपक्यांचा आजार बरा होत नाही. घासाला रस लावल्यावर काही मासे तोंड लावतात हे मी बघितलंय, तेवढ्यापुरता वापरा. रस ताजा, दोन-तीन थेंब, तेलातला नको.

किती द्यायचं? उपाशी माशाला खायला लागल्याच्या आनंदात पोटभर घालू नका. पहिले दोन दिवस दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्याएवढ्या दोन-तीन घासांपेक्षा जास्त नाही. विष्ठा नीट दिसायला लागली की वाढवा. दर वेळी पंधरा मिनिटांनी उरलेलं नळीने ओढून काढा, हा नियम मोडला की अमोनिया चढतो आणि अमोनियाने पुन्हा खाणं सुटतं. फ्रोजन अन्न गाळणीत आरओ पाण्यात वितळवून धुवून द्या, बर्फाचं पाणी टबमध्ये जाऊ देऊ नका. दिवसातलं पहिलं खाणं लाईट लावल्यावर अर्ध्या तासाने द्या, आधी मासा पूर्ण जागा होऊ दे. तोंडात सिरिंजने बळजबरीने भरवणं घरी करू नका. मासा पकडण्याचा ताण त्या घासापेक्षा महाग पडतो.

आता अपवाद. सगळं सोडून औषध आधी द्यायचं, असा एक आजार आहे: वेल्व्हेट, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम. ठिपके मिठासारखे वेगवेगळे नसून अंगावर बारीक सोनेरी-करडी धूळ बसल्यासारखी दिसते. बाजूने टॉर्च मारला की स्पष्ट दिसते. मासा पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहतो, श्वास अतिशय वेगात, उजेड टाळतो. हा दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करतो, आणि टाकी बदलण्याची पद्धत याला पुरत नाही. असं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल टाकीत कॉपर सुरू करा. साध्या आयनिक कॉपरची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधलेल्या कॉपरच्या) औषधाची वेगळी आणि बाटलीवर लिहिलेली असते. त्या औषधाला चालणारं टेस्ट किट हातात नसेल तर कॉपर सुरूच करू नका. कृषी सेवा केंद्रात मिळणारं मोरचूद हेही कॉपर सल्फेटच, द्राक्ष-डाळिंबावर फवारायला आपल्या जिल्ह्यात घरोघरी असतं, म्हणून मला ते वापरू का असं विचारलं जातं. नाही. शेतीच्या मालाची शुद्धता माशासाठी तपासलेली नसते, आणि पुरेशी मात्रा व मारणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. कॉपरने टँगची भूक मंदावते आणि कॉपरबँड ते वाईट सोसतो, हे धरून चाला.

डोळे धुरकट, मासा अंग घासतोय आणि ठिपके नाहीत, तर चपट्या कृमींचा संशय घ्या. तापमान आणि पीएच जुळवलेल्या, हवा सोडलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवलं की पांढरे तिळाएवढे कृमी तळाशी पडलेले दिसतात. पाच मिनिटांच्या आत मासा आडवा झाला तर लगेच बाहेर. आतड्यातल्या जंतूंचं औषध अन्नातून द्यावं लागतं. त्याची मात्रा पशुवैद्याकडूनच घ्या. जवळचा डॉक्टर मासे बघत नसेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा उदगीरचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय इथे विचारता येईल.

मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवा. गोगलगाई आणि कोळंब्या राहू द्या, त्यांना दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं टाका म्हणजे फिल्टरचे जिवाणूही जगतील. बारा दिवसांच्या बदल्या संपल्यावर मासे ज्या टाकीत राहतील तिथे स्पंज फिल्टर लावा, पण तो विकत मिळणाऱ्या बाटलीबंद जिवाणूंनी तयार करा, मुख्य टाकीतला नको. या दोन-अडीच महिन्यांत टँगच्या डोक्यामागचा खड्डा भरला पाहिजे आणि कॉपरबँड हाताने टाकलेलं मायसिस पाण्यातच टिपायला लागला पाहिजे. तो तेवढं करत नसेल तर ७६ दिवस झाले म्हणून त्याला परत टाकू नका.

परत टाकताना घनता मुख्य टाकीएवढी आणलेली असू दे. आधी कॉपरबँड, आठवड्याने क्लाऊन, टँग सगळ्यात शेवटी, कारण तो जागा बळकावतो आणि दुसऱ्याला घासापर्यंत येऊ देत नाही. ४०० लिटर टाकी पावडर ब्लूला कायमची पुरणार नाही, तो वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढतो आणि अरुंद जागेत याच आजाराला पुन्हा पुन्हा बळी पडतो. मोठी टाकी असलेला कुणी विश्वासू माणूस ओळखीत असेल, तर बरा झाल्यावर त्याच्याकडे देण्याचा विचार आत्ताच सुरू करा. तोवर टँग परत गेला की टाकीच्या दोन टोकांना दोन नोरी क्लिप लावा आणि कॉपरबँडचा शिंपला मधल्या दगडांमागे ठेवा.